लक्ष्मीबाई टिळक : पाच वर्षं घेतलेला निर्णय

भिवंडी म्हटलं की आपल्याला दोनच गोष्टी आठवतात. यंत्रमाग, आणि आपण मागवलेलं पार्सल जिथून निघतं ती गोडाऊनं. तिथून कल्याण अगदी जवळ. (ट्रॅफिक नसेल तर. म्हणजे कधीच नाही!) या कल्याणात १८७० च्या आसपास जानकीबाई टिळक नावाची एक बाई मुलांना घेऊन राहायची. ती कविता करायची आणि नवऱ्याला ते मुळीच खपायचं नाही. १८७३ साली ती गेली आणि तिचा अकरा-बारा वर्षांचा मुलगा घर सोडून नाशिकला निघून गेला. तो मुलगा म्हणजे नारायण वामन टिळक, पुढचे रेव्हरंड टिळक. मराठी चर्चमध्ये आजही ज्यांची भजनं म्हणतात ते.

पण आज मला त्यांच्याबद्दल लिहायचं नाहीये. लिहायचंय जानकीबाईंच्या सुनेबद्दल, जिनं ही सासू कधी पाहिलीच नाही.

लक्ष्मीबाई टिळक म्हटलं की 'स्मृतिचित्रे', आणि 'स्मृतिचित्रे' म्हटलं की टिळकांच्या विसरभोळेपणाचे किस्से. शाळेत धडा असायचा, आपण हसायचो, पुढे जायचो. पुस्तक सलग वाचलं तेव्हा मात्र मला वाटलं की यातली खरी गोष्ट वेगळीच आहे. एका बाईनं आपला धर्म कसा ठरवला, किती वेळ घेऊन ठरवला, याची ती गोष्ट आहे.

लक्ष्मीबाई मूळच्या मनू गोखले. जन्म १८६८, नाशिकजवळच्या जलालपूरचा. आईच्या वडिलांना १८५७ च्या धामधुमीत फाशी झाली होती, आणि त्यानंतर मनूच्या वडिलांना सोवळ्याचं वेड लागलं. वेड म्हणजे खरोखरच वेड! मीठसुद्धा धुऊन घ्यायचं. मीठ धुतल्यावर किती उरत असेल, विचार करा. अशा घरातली मुलगी अकराव्या वर्षी, १८८० साली, टिळकांच्या घरी आली. लिहा-वाचायला शिकली ती लग्नानंतर, नवऱ्याकडून, तेही जेमतेम.

नवरा एका जागी टिकणारा नव्हता. नोकरी धरायची, सोडायची, हातातले पैसे कुणालाही देऊन टाकायचे. राजनांदगावला नोकरीसाठी जाताना आगगाडीत एका युरोपियन गृहस्थानं त्यांच्या हाती बायबलचा नवा करार दिला, आणि १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. बायकोला न विचारता.

बायकोचं वय सव्वीस. पदरी देवदत्त (घरातला दत्तू), अजून पाच वर्षांचाही नाही. आधीची मुलं गेलेली. नवरा जिवंत, पण जातीच्या हिशेबी मेलेला. मग आता कुंकू लावायचं की पुसायचं? आज आपण धर्मांतर म्हटलं की आकडे, कायदे, मोर्चे यावर बोलतो. त्या दिवशी घरात मागे राहिलेल्या माणसाचं काय झालं, हे सहसा कुणी विचारत नाही. टिळक कवी म्हणून मोठे, माणूस म्हणूनही मोठे, पण या एका गोष्टीसाठी मला त्यांना पटकन माफ करता येत नाही. लक्ष्मीबाईंनी केलं, हा त्यांचा मोठेपणा.

तर, त्या बहिणीच्या आणि नातेवाईकांच्या आधारानं राहिल्या. पंढरपूर, नाशिक असं करत तीन-चार वर्षं काढली. शेवटी नवऱ्याकडे परतल्या, पण ख्रिस्ती व्हायला नाही. अहमदनगरला (आता अहिल्यानगर) त्यांनी वेगळं राहून स्वतःचा स्वयंपाक, स्वतःचं पाणी, स्वतःचं सोवळं सांभाळलं, आणि टिळकांनीही ते मानलं. धर्म नवऱ्याचा त्याच्यापाशी, माझा माझ्यापाशी.

मग एक दिवस त्या विचार करत बसल्या. ख्रिस्तावर नव्हे, जातीवर. देवानं जर माणसात ब्राह्मण आणि शूद्र असे प्रकार केले असते, तर प्राण्यांमध्ये दिसतो तसा काहीतरी फरक शरीरात दिसला असता की नाही? जन्म तसाच, मरण तसंच. म्हणजे ही भानगड माणसानं केलेली. झालं! ज्या बाईनं लहानपणी मीठ धुतलेलं पाहिलं, तिनं ठरवलं की यापुढे कुणाच्याही हातचं खाईन, पिईन.

हे मला विलक्षण वाटतं. समोर कुणी मिशनरी प्रवचन करत नव्हता, नवरा समजावत नव्हता. आधी पाणी सुटलं, धर्म त्यानंतर. १९०० साली, म्हणजे टिळकांनंतर पाच वर्षांनी, त्यांनी बाप्तिस्मा घेतला. आपण 'नवऱ्यामागे गेली' असं एका वाक्यात म्हणून टाकतो. ज्या बाईनं पाच वर्षं वेगळी चूल सांभाळली, ती कुणाच्या मागे गेली नाही, एवढं तरी मान्य करायला हवं.

त्यानंतरच्या श्रद्धेत मात्र डळमळ नाही. पण ती भक्ती डोळे मिटून बसणारी नव्हती. छप्पनच्या दुष्काळातली अनाथ पोरं घरात आली, त्यांचं न्हाणं-खाणं केलं. प्लेगच्या दिवसांत शुश्रूषा केली. ज्यांचा स्पर्श म्हणजे विटाळ असं शिकवलं गेलं होतं, त्यांचीच आई होऊन बसल्या. बालकवी ठोंबरेही नगरला त्यांच्याच घरी राहिले. हिंदू राहूनच राहिले, आणि त्यावरून त्या घरात कुणाचं काही अडलं नाही. मे १९१८ मध्ये बालकवी भादलीजवळ रेल्वेखाली गेले. पुढच्याच मे महिन्यात टिळक गेले. एका वर्षात घरातले दोन कवी!

पुढे मुंबईत त्यांनी मुलींच्या वसतिगृहात मेट्रनचं काम केलं. मुलाच्या संसाराबरोबर कराचीही पाहिली. आणि पन्नाशी उलटल्यावर लिहायला बसल्या. 'स्मृतिचित्रे' १९३४ ते १९३७ या काळात चार भागांत आलं, शेवटचा भाग त्यांच्या मृत्यूनंतर. देवाबद्दल उपदेश जवळजवळ नाहीच त्यात. स्वतःच्या फजितीवर मात्र पानंच्या पानं. भाषा अशी की समोर बसून गवार निवडताना कुणी बोलतंय. शांता गोखल्यांनी २०१७ मध्ये त्याचा इंग्रजी अनुवाद केलाय, मराठी वाचायचा कंटाळा येणाऱ्या मित्रांना द्यायला बरा. पण तुम्ही मूळच वाचा, प्लीज.

आणखी एक काम लोक विसरतात. टिळकांनी 'ख्रिस्तायन' नावाचं येशूच्या चरित्राचं ओवीबद्ध महाकाव्य सुरू केलं होतं. दहाएक अध्याय झाले आणि ते गेले. शाळेचं तोंड न पाहिलेल्या त्यांच्या बायकोनं ते पुढे घेतलं आणि एकामागून एक चौसष्ट अध्याय लिहिले. २४ फेब्रुवारी १९३६ ला लक्ष्मीबाई वारल्या. शेवट तेवढा राहिला होता, तो देवदत्तनं लिहिला.