वाया जाणारी मूत्रपिंडे

केपटाऊनचे ग्रूट स्खूर रुग्णालय म्हटले, की तुम्हांला १९६७ सालचे डॉ. बर्नार्ड आठवतील, एका माणसाचे हृदय दुसऱ्याच्या छातीत बसवणारे. त्याच रुग्णालयात २००८ साली जे घडले, त्याचा तेवढा गाजावाजा झाला नाही.

दक्षिण आफ्रिकेच्या सरकारी रुग्णालयांत डायलिसिसची यंत्रे थोडी, रोगी फार. म्हणून ज्याला पुढे मूत्रपिंड बसवता येईल, त्यालाच यंत्र द्यायचे. एचआयव्हीची लागण झालेल्याला मूत्रपिंड मिळायचे नाही. मग यंत्रही नाही. म्हणजे त्याने मरायचेच की!

आणि गंमत बघा, मेंदू मृत झालेल्या एचआयव्हीबाधितांची चांगली मूत्रपिंडे तिकडे फुकट जात होती. डॉ. एल्मी म्युलर या शल्यविशारद बाईंनी ही दोन टोके जुळवली: बाधिताचे मूत्रपिंड बाधितालाच. ज्यांचा विषाणू औषधांनी आटोक्यात आला आहे, असेच रोगी त्यांनी निवडले. धोका होताच. दात्याचा विषाणू त्या औषधांना जुमानेनासा निघाला तर?

२०१५ साली २७ रोग्यांचा हिशेब छापून आला. पाच वर्षे जगण्याचे प्रमाण शेकडा ७४ पडले. अमेरिकेत असे अवयव घ्यायला १९८८ पासून कायद्याने मनाई होती. ती २०१३ साली उठली, तीही आधी संशोधनापुरतीच. मूत्रपिंड आणि यकृत यांच्यापुरती ही अट सुटायला २०२४ साल उजाडले.