घरावर मजला चढवायचाय? घरपट्टीची पावती म्हणजे परवानगी नव्हे!

मुलाचं लग्न ठरलं, घर अपुरं पडायला लागलं की पहिला विचार येतो तो वर एक मजला चढवण्याचा. गवंडी ठरतो, सळया येऊन पडतात आणि कुणीतरी सांगतं, “आधी बांधून घ्या, नंतर घरपट्टी लावून घेऊ. झालं अधिकृत!”

इथेच अनेक जण फसतात. कर लावणं आणि बांधकामाला परवानगी देणं या दोन पूर्णपणे वेगळ्या गोष्टी आहेत. महापालिका बेकायदा बांधकामालाही कर लावते. शिवाय महापालिका अधिनियमाच्या कलम २६७अ नुसार अशा बांधकामावर मालमत्ता कराच्या दुप्पट दंड आकारता येतो. हा दंड भरला तरी बांधकाम नियमित होत नाही, असं हेच कलम सांगतं.

परवानगी कशाला लागते?

प्लास्टर, रंगकाम, फरशी बदलणं अशा किरकोळ दुरुस्तीला परवानगी लागत नाही. नवी खोली, वाढीव मजला, गच्चीवर पक्कं बांधकाम यांना मात्र लागते. फ्लॅटमध्ये राहत असाल तर सोसायटीची एनओसी म्हणजे महापालिकेची परवानगी नव्हे, हेही लक्षात ठेवा.

नियम कोणते?

मूळ कायदा आहे महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६, म्हणजेच एमआरटीपी कायदा. त्याखाली डिसेंबर २०२० पासून मुंबई महापालिका आणि काही मोजके भाग वगळता राज्यभर एकच नियमावली लागू आहे. तिला ‘युडीसीपीआर’ म्हणतात. मुंबईची नियमावली वेगळी आहे.

आधी काय तपासायचं?

१. एफएसआय शिल्लक आहे का? समजा, प्लॉट १०० चौरस मीटरचा आहे आणि मूळ एफएसआय १.१ आहे. म्हणजे ११० चौरस मीटर बांधकाम करता येतं. खाली आधीच ८० झालं असेल, तर उरतात ३०. समोरचा रस्ता किती रुंद आहे, घर गावठाणात आहे का, यावर हा आकडा बदलतो.

२. कडेनं सोडायची मोकळी जागा, म्हणजे सामासिक अंतर, राहतं का?

३. जुना पाया आणि कॉलम नवा भार पेलतील का? हे गवंड्यानं नाही, स्ट्रक्चरल इंजिनिअरनं सांगायचं.

४. सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्डवर आणखी कुणाची नावं आहेत? भाऊ-बहिणींची नावं असतील तर त्यांची संमती आधीच घ्या. बरीच प्रकरणं इथेच अडकतात.

अर्ज कसा करायचा?

अर्ज परवानाधारक आर्किटेक्ट किंवा इंजिनिअरमार्फत करावा लागतो. सोबत मालकीचे कागद, मोजणी नकाशा, मूळ मंजूर नकाशा, नवा नकाशा आणि घरपट्टी भरल्याची पावती तयार ठेवा. छाननी शुल्क आणि विकास शुल्क भरावं लागतं. मंजुरीनंतर बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र मिळतं. ते हातात आल्यावरच कामाला सुरुवात करा. त्याची मुदत सुरुवातीला एक वर्ष असते. काम लांबलं तर मुदत संपण्याआधी नूतनीकरण करून घ्या.

छोट्या प्लॉटला परवानगी लागत नाही, हे खरं का?

अर्धसत्य! १५० चौरस मीटरपर्यंतच्या प्लॉटवरच्या कमी जोखमीच्या घरांसाठी पद्धत सोपी आहे, पण नकाशा सादर करणं आणि शुल्क भरणं चुकत नाही. त्याची पोच हीच परवानगी मानली जाते. १५० ते ३०० चौरस मीटरच्या प्लॉटसाठी १० दिवसांत निर्णय अपेक्षित असतो.

उत्तरच आलं नाही तर?

कलम ४५ नुसार ६० दिवसांत कोणताच निर्णय कळवला नाही, तर परवानगी मिळाली असं मानलं जातं. पण नकाशा नियमात तंतोतंत बसत असेल तरच. त्यामुळे अर्जाची पोच जपून ठेवा. परवानगी नाकारली, तर कलम ४७ नुसार ४० दिवसांत अपील करता येतं.

आधीच बांधलं असेल तर?

एमआरटीपी कायद्यात विनापरवानगी बांधकामासाठी एक महिना ते तीन वर्षांपर्यंत कैद आणि दंडाची तरतूद आहे. पाडण्याची नोटीसही येऊ शकते. बांधकाम नियमात बसत असेल तर ते कायम ठेवण्यासाठी अर्ज करता येतो. नियमातच बसत नसेल तर पैसे भरूनही उपयोग नाही. नोटीस आली तर ती बाजूला ठेवून देऊ नका. तिच्यातली मुदत लगेच पाहा आणि आर्किटेक्टला दाखवा.

शेवटचा कागद विसरू नका

काम पूर्ण झालं की भोगवटा प्रमाणपत्र घ्यायचं. डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं निर्देश दिले, की बँकांनी इमारत तारण ठेवून कर्ज देताना पूर्णत्वाचा किंवा भोगवट्याचा दाखला तपासावा आणि वीज-पाण्याची जोडणीही दाखला पाहूनच द्यावी. म्हणजे उद्या मुलीच्या शिक्षणासाठी घर तारण ठेवायची वेळ आली, तर बँक विचारेल ती याच कागदाबद्दल.

तेव्हा गवंड्याला ॲडव्हान्स देण्याआधी एकदा आर्किटेक्टला भेटा. आणि घरच्या ग्रुपवर कुणी मजला चढवण्याच्या गप्पा मारत असेल, तर त्यांनाही हे पाठवा.