दिवा नेमकं काय सांगतो?

छोट्या रेल्वेच्या सांध्यांना मोटर बसवलीत, की पॅनेलवर दिवे हवेसे वाटतात: हिरवा म्हणजे सरळ, पिवळा म्हणजे बाजूचा रूळ. दिवा बटणालाच जोडणं सोपं. पण मग तो तुमचा हुकूम दाखवतो. सांधा खरंच हलला का, हे नाही.

या फरकाची किंमत इंग्लंडने २१ जानेवारी १८७६ रोजी ॲबट्स रिप्टनला मोजली. बर्फाने सिग्नलच्या तारा आणि हात गोठले होते. केबिनमधला लिव्हर 'धोका' दाखवत होता, बाहेरचा सिग्नल मात्र 'मार्ग मोकळा'. स्कॉटलंडहून येणारी एक्सप्रेस कोळशाच्या मालगाडीवर आदळली आणि त्या ढिगाऱ्यात उलट दिशेची दुसरी एक्सप्रेस घुसली.

लिव्हर काय म्हणतो यापेक्षा रुळावर काय घडलंय ते तपासायचं, हा त्यातला धडा. म्हणून आज खऱ्या रेल्वेत सरकता रूळ जागेवर चिकटल्याची खात्री झाल्याशिवाय सिग्नल मिळत नाही.

तुम्हीही तेच करा. सरकत्या रुळानेच दाबले जातील असे दोन छोटे स्विच दोन बाजूंना लावा आणि दिवे त्यांना जोडा. दोन्ही दिवे विझलेले दिसले, तर सांधा मध्येच अडकलाय. गाडी सोडू नका.