अमेरिकी पोलिसांच्या कमरेचं हत्यार

न्यूयॉर्क शहराच्या पोलीस खात्यातलं शेवटचं रिव्हॉल्वर २०१८ च्या ऑगस्टअखेर कमरेवरून उतरलं. याच खात्याने १८९६ साली, थिओडोर रूझवेल्ट पोलीस मंडळाचे अध्यक्ष असताना, आपल्या शिपायांना एकाच बनावटीचं .३२ कोल्ट रिव्हॉल्वर द्यायला सुरुवात केली होती. त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षं अमेरिकी पोलीस आणि रिव्हॉल्वर ही जोडी अतूट राहिली. मग १९८६ ते १९९३ या सात-आठ वर्षांत देशातल्या बहुतेक मोठ्या खात्यांनी ते बाजूला ठेवलं आणि अर्धस्वयंचलित पिस्तूल हाती घेतलं. इतका काळ थांबून मग इतकी घाई का झाली, याचं उत्तर सहसा एका वाक्यात मिळतं: गुन्हेगारांकडे पंधरा-सोळा गोळ्यांची पिस्तुलं आली आणि पोलिसांना सहा गोळ्या पुरेनाशा झाल्या. हे उत्तर खोटं नाही, पण अपुरं आहे. त्या काळातले प्रसंग एकेक करून तपासले, तर दिसतं की हत्यार चालवणाऱ्याला आपण किती शिकवू शकतो, या हिशेबावर रिव्हॉल्वर शतकभर टिकलं होतं. ते सोडताना खात्यांनी नेमका तोच हिशेब पुन्हा मांडला नाही.

आधी दोन यंत्रांमधला फरक पाहू, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. सॅम्युअल कोल्टने १८३६ मध्ये अमेरिकेत पेटंट घेतलेलं रिव्हॉल्वर असो की १८९९ पासून स्मिथ अँड वेसन कंपनीने साठ लाखांवर बनवलेलं .३८ चं पोलिसी रिव्हॉल्वर असो, त्यातलं फिरतं सिलिंडर माणसाच्या हाताच्या जोरावर फिरतं. पोलिसी रिव्हॉल्वरमध्ये एखादं काडतूस फुसकं निघालं, तर पुन्हा चाप ओढायचा. पुढचं काडतूस आपोआप नळीसमोर येतं. पिस्तुलाचं तसं नाही. तिथे उडालेल्या गोळीचाच धक्का वरचा सरकता भाग मागे ढकलतो, रिकामं टरफल बाहेर फेकतो आणि मॅगझिनमधलं पुढचं काडतूस वर घेतो. काडतूस कमजोर असलं, मूठ सैल धरली किंवा गोळीचं तोंड बोथट असलं, की हा क्रम तुटतो आणि पिस्तूल अडकतं. जुनी पिस्तुलं गोल तोंडाच्या, तांब्याचं कवच चढवलेल्या गोळ्यांवर नीट चालत. पोलिसांच्या पसंतीच्या शिशाच्या किंवा पोकळ तोंडाच्या गोळ्यांवर त्यांचा भरवसा नसे. अडकलेलं पिस्तूल सोडवण्याची एक ठरावीक हालचाल असते आणि ती विचार न करता हातून व्हावी लागते. तेवढा सराव फार थोड्या खात्यांत होता. त्यात रिव्हॉल्वरचा चाप ओढायला पाच किलोच्या आसपास जोर लागतो. घाबरलेल्या बोटाला तेवढाच एक अडसर. सिलिंडर बाजूला काढलं की सहाही भोकं एका नजरेत दिसतात, हत्यार भरलेलं आहे की रिकामं याबद्दल शंका उरत नाही. वर्षातून एकदोनदा चांदमारीला जाणाऱ्या आणि अख्ख्या नोकरीत कदाचित एकदाही गोळी न झाडणाऱ्या शिपायासाठी हे गुण मोलाचे होते.

पोलिसांना पिस्तूल ठाऊकच नव्हतं, असं म्हणायला जागा नाही. जॉन ब्राउनिंगची पिस्तुलं विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातच जगभर पोचली होती. सावरकरांनी लंडनहून चतुर्भुज अमीन यांच्याबरोबर धाडलेली वीस पिस्तुलं ब्राउनिंगच होती आणि २१ डिसेंबर १९०९ ला नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या त्या ब्राउनिंग पिस्तुलातूनच. अमेरिकी लष्कराने १९११ च्या मार्चमध्ये ब्राउनिंगचंच .४५ चं कोल्ट पिस्तूल स्वीकारलं. फिलिपिन्समधल्या लढायांत .३८ चं लष्करी रिव्हॉल्वर कमी पडल्याचा अनुभव त्यामागे होता आणि निवडीच्या चाचणीत या पिस्तुलाने सहा हजार गोळ्या न अडकता झाडल्या, अशी नोंद आहे. मग तेच पिस्तूल पोलिसांनी का घेतलं नाही? सैनिक अधिकाऱ्याच्या हुकमाखाली असतो, हत्यार कधी भरायचं आणि कधी रिकामं करायचं हे त्याला कवायतीने ठरवून दिलेलं असतं. पोलीस मात्र भरलेलं हत्यार घेऊन वीस-पंचवीस वर्षं रोज बाजारात, बसमध्ये, लोकांच्या घरात वावरतो. कवायत कमी आणि हत्यार सदैव भरलेलं, अशा माणसाच्या हाती रिव्हॉल्वर देण्यात शहाणपण होतं. १९६७ मध्ये इलिनॉय राज्याच्या पोलिसांनी स्मिथ अँड वेसनचं ९ मिलिमीटरचं पिस्तूल घेतलं, तेव्हाही इतर खाती त्यांच्यामागे धावली नाहीत.

या संदर्भात कॅलिफोर्नियाच्या न्यूहॉलमधली घटना मला सर्वांत बोलकी वाटते. ५ एप्रिल १९७० च्या मध्यरात्री तिथे दोन गुन्हेगारांनी महामार्ग पोलिसांच्या चार जवानांना पाच मिनिटांच्या आत ठार केलं. जवानांकडे रिव्हॉल्वर होती. त्यांच्यातल्या एकाने रिकामं झालेलं रिव्हॉल्वर एकेक काडतूस घालून पुन्हा भरलं आणि सिलिंडर बंद करत असतानाच तो मारला गेला. सहा गोळ्या संपणं किती महाग पडतं, याचा यापेक्षा कठोर पुरावा शोधूनही सापडणार नाही. तरीही त्या खात्याने रिव्हॉल्वर सोडलं नाही. संशयित गाडी थांबवण्याची पद्धत त्यांनी नव्याने बसवली, सरावाचं काडतूस आणि कामाचं काडतूस यांतली तफावत दूर केली आणि सहाही काडतुसं एकदम सिलिंडरमध्ये सोडणारी स्पीडलोडर नावाची साधी चकती जवानांना दिली. पिस्तूल तिथे आलं ते थेट १९९० मध्ये, वीस वर्षांनी. चार माणसं गमावल्यावर या खात्याने आधी स्वतःच्या शिकवणीतल्या त्रुटी धुंडाळल्या. पुढे अशी उदाहरणं विरळ होत गेली.

पारडं फिरलं १९८६ मध्ये. ११ एप्रिलला मियामीत एफबीआयच्या आठ एजंटांनी दोन बँक-दरोडेखोरांची गाडी अडवली आणि पाच मिनिटांच्या आत दोन एजंट ठार झाले, पाच जखमी. दरोडेखोरांपैकी प्लॅटच्या हाती अर्धस्वयंचलित रायफल होती आणि बहुतेक हानी तिनेच केली. रायफलीपुढे पिस्तूल काय आणि रिव्हॉल्वर काय, दोन्ही तोकडीच. एजंट डव्ह याच्याकडे ९ मिलिमीटरचं पिस्तूल होतंच. त्याची गोळी प्लॅटच्या दंडातून छातीत शिरली आणि हृदयाच्या इंचभर अलीकडे थांबली. प्लॅट त्यानंतरही लढत राहिला. शेवटी दोघांना संपवलं ते एजंट मिरेलेस याने, एक हात निकामी झालेला असताना, आधी शॉटगनने आणि मग रिव्हॉल्वरने. इतकं असूनही या चकमकीचा धडा ‘रिव्हॉल्वर जुनं झालं’ असाच काढला गेला. त्याच वर्षी जून महिन्यात न्यूयॉर्कचा पोलीस शिपाई स्कॉट गॅडेल आपलं सहा गोळ्यांचं रिव्हॉल्वर पुन्हा भरत असताना मारला गेला. समोरच्याकडे ९ मिलिमीटरचं पिस्तूल होतं. इथे पिस्तुलाच्या बाजूचा युक्तिवाद मोकळेपणाने मान्य करायला हवा. मियामीत एजंट मॅकनील याला हाताच्या जखमेमुळे रिव्हॉल्वर भरताच आलं नाही. थरथरत्या किंवा रक्ताने माखलेल्या हातांना सहा वेगळी काडतुसं सहा भोकांत घालण्यापेक्षा एक भरलेलं मॅगझिन मुठीत सरकवणं कितीतरी सोपं जातं. गॅडेलच्या हाती पिस्तूल असतं तर तो वाचला असता, हे शक्य आहे. ज्या पोलीस संघटनांनी पिस्तुलासाठी जोर लावला, त्यांच्या मागणीमागे ही मरणं होती आणि त्यांना घाबरट किंवा हत्यारवेडं म्हणणं अन्यायाचं ठरेल.

प्रश्न पुढचा आहे. नवीन हत्याराबरोबर नवीन शिकवण आली का? ऑस्ट्रियन लष्कराने १९८२ मध्ये निवडलेलं ग्लॉक हे १७ गोळ्यांचं, हलक्या प्लास्टिकच्या सांगाड्याचं पिस्तूल १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकी खात्यांत झपाट्याने पसरलं. त्याला बाहेरून फिरवायची सुरक्षा-कळ नाही आणि त्याचा चाप रिव्हॉल्वरच्या निम्म्या जोरात, सुमारे अडीच किलोत, ओढला जातो. साफसफाईसाठी ते उघडताना चाप एकदा दाबावाच लागतो. मॅगझिन काढलं म्हणजे पिस्तूल रिकामं झालं, असं नवख्याला वाटतं. पण एक काडतूस नळीत तसंच बसलेलं असू शकतं आणि बाहेरून ते डोळ्यांत भरत नाही. वरचा भाग मागे ओढून नळीत डोकावून पाहणं ही अंगवळणी पाडायची सवय आहे आणि सवय लावायला तास लागतात. राजधानी वॉशिंग्टनच्या पोलिसांनी ग्लॉक घेतलं त्याच सुमारास तिथे घाईघाईने मोठी भरती झाली आणि शिकवण मागे पडली. ‘वॉशिंग्टन पोस्ट’ने १९९८ मध्ये छापलेल्या शोधमालिकेत त्याचा हिशेब निघाला: दहा वर्षांत चुकून गोळी सुटल्याच्या १२० हून अधिक घटना आणि स्वतःला किंवा सहकाऱ्याला चुकून जखमी करणारे एकोणीस पोलीस.

रिव्हॉल्वरनेही अपघात होत, असा आक्षेप यावर येईल आणि तो बरोबर आहे. अंगठ्याने घोडा मागे चढवला की रिव्हॉल्वरचा चाप अगदी हलका होतो आणि संशयितावर असं चढवलेलं रिव्हॉल्वर रोखलेलं असताना नको तेव्हा गोळ्या सुटल्या आहेत. म्हणूनच लॉस एंजेलिसच्या पोलिसांनी आपल्या रिव्हॉल्वरमधली घोडा चढवून ठेवण्याची सोयच काढून टाकली. ही युक्ती कामी आली, कारण रिव्हॉल्वरमध्ये असा जड चाप मुळातच होता. न्यूयॉर्कने १९९३ मध्ये पिस्तूल मंजूर केलं तेव्हा हेच जमवायचा प्रयत्न केला. तीन मान्य पिस्तुलांपैकी ग्लॉकमध्ये त्यांनी मुद्दाम जाड स्प्रिंग बसवून चाप साडेपाच किलोंवर नेला. म्हणजे पिस्तूल विकत घेऊन त्याला रिव्हॉल्वरसारखं वागायला लावलं. अपघात टळावेत हा हेतू प्रामाणिकच होता, पण जड चापाने नेम हलतो आणि जिथे अवतीभवती गर्दी असते तिथे हललेला नेम परक्याच्या अंगावर जातो. २४ ऑगस्ट २०१२ ला एम्पायर स्टेट बिल्डिंगसमोर दोन पोलिसांनी एका मारेकऱ्यावर सोळा गोळ्या झाडल्या आणि नऊ वाटसरू पोलिसांच्याच गोळ्यांनी किंवा त्यांच्या तुकड्यांनी जखमी झाले. सगळा दोष चापाला देणं बरोबर होणार नाही, पण ती स्प्रिंग तेव्हा पुन्हा वादात आली, हे रास्तच होतं.

गोळ्यांच्या संख्येचा मुद्दाही इथेच येतो. ४ फेब्रुवारी १९९९ ला न्यूयॉर्कमध्ये अमादू दियालो या निःशस्त्र तरुणावर चार पोलिसांनी ४१ गोळ्या झाडल्या, त्यातल्या १९ लागल्या. दोघांनी प्रत्येकी सोळा झाडल्या, म्हणजे पिस्तूल पूर्ण रिकामं केलं. रिव्हॉल्वर असती तर चौघांच्या मिळून चोवीस गोळ्या संपल्यावर हात थांबले असते. पहिली गोळी झाडण्याची चूक हत्याराची नव्हती, माणसांची होती. पण ती चूक कुठवर जाईल, हे हत्याराने ठरवलं, हे नाकारता येत नाही. ‘आत सोळा गोळ्या असल्या तरी तू किती झाडणार?’ हे शिकवणं सहा गोळ्यांच्या काळात इतकं निकडीचं नव्हतं.

एफबीआयने मियामीनंतर गोळीचा आकार बदलून उत्तर शोधलं. आधी १० मिलिमीटर घेतलं. त्याचा धक्का बऱ्याच एजंटांना झेपेना. मग .४० चं काडतूस. २०१४ मध्ये त्यांच्याच प्रशिक्षण विभागाने ९ मिलिमीटरकडे परत जाण्याची बाजू मांडली: आधुनिक गोळ्यांच्या परिणामात फारसा फरक उरलेला नाही आणि धक्का कमी असला की बहुतेक एजंट जास्त जलद आणि जास्त अचूक मारा करतात. खऱ्या चकमकीत पोलिसांच्या शंभरातल्या वीस-तीसच गोळ्या लक्ष्याला लागतात, हेही त्याच टिपणात नमूद आहे. उरलेल्या सत्तर-ऐंशी गोळ्या रस्त्यावर, भिंतीत किंवा कुणाच्या तरी दिशेने जातात आणि त्या कमी करायच्या तर चांदमारीचे तास वाढवावे लागतात, ज्यांचा खर्च खात्याला दरवर्षी नव्याने मंजूर करून घ्यावा लागतो. पिस्तुलांची खरेदी एका वर्षाच्या अंदाजपत्रकात उरकता येते, म्हणून ती झाली.