लग्नाचे कर्ज आणि बारा आणे : डहाणू-तलासरीतील कर्जमुक्तीचा इतिहास

१/
कर्ज फेडण्याचे शास्त्र आज फार सुटसुटीत करून सांगितले जाते. सगळी देणी एका कागदावर लिहा, ज्याचे व्याज अधिक ते आधी फेडा, खर्चाला लगाम घाला, नवे कर्ज काढू नका. तीन-चार क्रेडिट कार्डांच्या थकबाकीत सापडलेल्या तरुणाला हाच सल्ला मिळतो आणि तो चुकीचाही नाही. मात्र त्यामागे तीन गृहीतके असतात : ऋणकोला हिशेब वाचता येतो, व्याजाला काही मर्यादा असते आणि त्याच्या श्रमाला रोख मोल मिळते. ऐंशी वर्षांपूर्वी डहाणू-तलासरीच्या वारली पाड्यांवर यांतले एकही खरे नव्हते. तेथील कर्जे कशी वाढली आणि कशी संपली, हा आजच्या धाग्याचा विषय. 🧵

२/
प्रथम भूगोल. डहाणू आणि बोर्डी यांच्या दरम्यान कोसबाडची टेकडी आहे. पश्चिमेला समुद्र आणि चिकूच्या वाड्या, पूर्वेला सह्याद्रीकडे चढत जाणारा जंगलपट्टा. आज हा भाग पालघर जिल्ह्यात येतो, त्या काळी तो ठाणे जिल्ह्यात होता. सध्याच्या तलासरी तालुक्याचा प्रदेश तेव्हा उंबरगाव तालुक्यात मोडत असे. १९६० साली उंबरगावचा बराचसा भाग गुजरातेत गेला आणि तलासरी महाराष्ट्रात राहिली. वाचताना एवढे ध्यानात ठेवावे, कारण जुन्या कागदपत्रांत ‘उंबरगाव’ असे येते तेव्हा पुष्कळदा आजच्या तलासरीचाच उल्लेख असतो.

३/
वारली हे या जंगलाचे जुने रहिवासी. एकोणिसाव्या शतकात सारा रोखीने भरण्याची सक्ती आली, जंगलावर सरकारी कायद्याचा अंमल बसला आणि दारूवर कर बसला. ज्यांच्या हाती नाणे क्वचितच येई, त्यांना प्रत्येक गोष्टीसाठी नाणे लागू लागले. ते मिळण्याचे ठिकाण एकच होते, सावकाराचे घर. हळूहळू जमिनी सावकार-जमीनदारांच्या नावावर गेल्या आणि मूळ कसणारे त्याच जमिनीवर खंडकरी किंवा मजूर झाले.

४/
कर्जाचे दोन मुख्य प्रकार होते. पहिला खावटीचा. भाताची कोठी आषाढ-श्रावणात रिकामी होई. नेमकी तेव्हाच लावणीची कामे असत आणि खायला काही नसे. मग जमीनदाराकडून धान्य उसने आणायचे आणि सुगीला परत करायचे. परतफेड बहुधा दिढीने, म्हणजे चार मण नेले तर सहा मण द्यायचे. फिटले नाही तर पुढच्या वर्षी सहाचे नऊ, नऊचे साडेतेरा. सुगीत धान्य खळ्यावरूनच सावकाराकडे गेले की पुढच्या वर्षी कोठी आणखी लवकर रिकामी होणार, हे उघड आहे. खावटी एका वर्षाची भूक भागवी आणि पुढच्या वर्षीची पेरून ठेवी.

५/
‘दिढी’ हा शब्द आपल्याला पुरातन वाटतो. परंतु आजच्या क्रेडिट कार्डाच्या थकबाकीवर दरमहा साडेतीन टक्के व्याज धरा आणि बारा महिने चक्रवाढीने हिशेब करा. शंभराचे सुमारे एकशे एक्कावन्न होतात. म्हणजे वर्षाकाठी दिढीच. फरक इतकाच की वारल्याला ती चार-पाच महिन्यांतच द्यावी लागे. कार्डाचे बिल हप्त्यांत दाखवले जाते म्हणून तिचे खरे रूप चटकन दिसत नाही.

६/
दुसरा प्रकार अधिक भयंकर होता. लग्नासाठी काढलेले कर्ज. जमीनदार लग्नाचा खर्च देई आणि कर्ज घेणारा त्याच्या घरी राबू लागे. त्याला म्हणत ‘लग्नगडी’. मजुरी नाही, पोटापुरते अन्न. नवरीही त्याच्यासोबत त्याच दावणीला बांधली जाई. काम व्याजात जमा होई आणि मुद्दल तसेच राही. बाप मेला की देणे मुलाकडे येई. १९३० च्या दशकाच्या अखेरीस मुंबई सरकारने नेमलेले सनदी अधिकारी सिमिंग्टन यांनी आदिवासी भागांविषयीच्या आपल्या अहवालात लग्नगड्यांची आणि वेठीची ही स्थिती नोंदवली आहे. सरकारला ठाऊक नव्हते, असे म्हणायला जागा नाही.

७/
येथे नेहमीचा आक्षेप येतो : ऋण काढून सण करायचाच कशाला? हा आक्षेप तेव्हाही घेतला जाई, आणि वारली आळशी, व्यसनी, उधळे म्हणून कर्जबाजारी, असा जमीनदारांचा सूर असे. आता एक गोष्ट पाहा. वारली समाजात जोडप्याने आधी संसार थाटावा आणि लग्नविधी ऐपत आल्यावर, कधी मुले झाल्यावरही करावा, अशी रीत होती. खर्च पुढे ढकलण्याची सोय समाजाने स्वतःच ठेवली होती. ज्यांच्या चालीरीतींतच काटकसरीला जागा आहे, त्यांना उधळे म्हणणे कठीण आहे. धनकोला व्याजापेक्षा माणूस हवा होता. कर्ज हे मजूर कायमचा बांधून ठेवण्याचे साधन होते, आणि म्हणून ते फिटू नये यातच धनकोचा लाभ होता.

८/
एक काल्पनिक हिशेब करू. समजा लग्नगड्यावर साठ रुपयांचे कर्ज आहे. रुपयाचे सोळा आणे. दिवसाला बारा आणे मजुरी धरली तर साठ रुपये म्हणजे ऐंशी दिवसांचे काम. निम्मी मजुरी पोटाला गेली तरी एकशे साठ दिवस, म्हणजे वर्षाच्या आत माणूस मोकळा. मजुरी शून्य धरली तर? मग दिवस मोजण्यालाच अर्थ राहत नाही. जन्मभर राबूनही साठाचे एकोणसाठ होत नाहीत. येथे शिस्त, काटकसर, सचोटी यांपैकी कशाचाच उपयोग नाही, कारण वजाबाकी करायला दुसरा आकडाच नाही.

९/
कायदा काय करत होता? कागदावर बरेच काही. मुद्दलापेक्षा अधिक व्याज एका वेळी वसूल करता येऊ नये, हा दामदुपटीचा जुना नियम मुंबई इलाख्यातील न्यायालये मानत. १८७५ च्या दख्खनच्या दंगलींनंतर १८७९ मध्ये दख्खन कृषक साहाय्य कायदा आला. त्यान्वये न्यायाधीशाला कर्जरोख्याच्या मागे जाऊन मूळ व्यवहार तपासता येई. १९३९ साली मुंबई शेतकरी ऋणनिवारण कायदा झाला. या सर्वांना एकच अट होती, ऋणकोने कज्जा घेऊन यावे. ज्याने वाचता न येणाऱ्या कागदावर अंगठा उठवला आहे आणि ज्याचे घरही जमीनदाराच्या जमिनीवर आहे, तो कचेरीपर्यंत पोहोचणार कसा?

१०/
बदल निराळ्या मार्गाने आला. जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळा येथे किसान सभेची परिषद भरली. उंबरगाव भागातून मोजके वारली तेथे गेले, त्यांत माह्या धांगडा होते. त्यांच्या बोलावण्यावरून गोदावरी आणि शामराव परुळेकर या भागात आले. २३ मे १९४५ रोजी झरी येथे हजारो वारल्यांची सभा झाली. निर्णय थोडक्यात असे : वेठ करायची नाही. जमीनदाराच्या खाजगी शेतावर रोज बारा आणे रोख मिळाल्याशिवाय राबायचे नाही. मारहाण झाली तर प्रतिकार करायचा. आणि एकी मोडायची नाही.

११/
या निर्णयांत ‘कर्ज माफ करा’ अशी विनंती नाही, हे लक्षात घ्यावे. मागणी श्रमाच्या किमतीची आहे. बारा आणे हा आकडा ठरताच आधीच्या सर्व वर्षांच्या कामाचे मोल काढता येऊ लागले, आणि त्या मापाने पाहता लग्नगड्यांची देणी कितीतरी पटींनी फिटून गेली होती. पुढील आठवड्यांत वारल्यांचे जथे गावोगाव फिरले आणि जमीनदारांच्या घरी बांधलेल्या लग्नगड्यांना त्यांनी बाहेर काढले. पिढीजात दास्य काही आठवड्यांत कोलमडले. गोदावरीबाईंनी ही हकीकत पुढे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात लिहिली. १९७० साली प्रसिद्ध झालेल्या या पुस्तकाला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला.

१२/
शिस्त मग कोठे होती? ती येथे होती. पावसाळ्यानंतर गवतकापणीचा हंगाम आला. या भागातील गवत मुंबईला जाई आणि त्यावर मोठा व्यापार चाले. वारल्यांनी पाचशे पौंड गवतामागे अडीच रुपये मागितले आणि मिळेपर्यंत विळा हाती धरला नाही. घरात धान्य नसताना कमी दराचे काम नाकारणे, आणि शेजाऱ्यानेही नाकारले आहे यावर विसंबणे, ही सोपी गोष्ट नव्हे. ऑक्टोबर १९४५ मध्ये तलवाडा येथे जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड यांच्यासह पाच जण मृत्यू पावले. संप तरीही मोडला नाही.

१३/
बंधन तुटले, तरी खावटीची भूक तशीच होती. येथून कोसबाडचे काम सुरू होते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्येच बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र उघडले. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात ते कोसबाडच्या टेकडीवर आले. मूल शाळेत येत नाही, कारण ते गुरे राखते. म्हणून शाळाच कुरणात नेली. तीच कुरणशाळा. अंगणवाडीचा प्रयोगही याच कार्यातून आकाराला आला. शिक्षणाच्या इतिहासात या प्रयोगांचे स्थान सर्वश्रुत आहे. आपल्या विषयाच्या दृष्टीने आणखी एक अर्थ आहे : गुरांमागे बसून आकडे शिकलेले मूल पुढे कोऱ्या कागदावर अंगठा उठवण्यापूर्वी थांबेल.

१४/
त्याच टेकडीवर गोखले एज्युकेशन सोसायटीची कृषी संस्था आहे. शेतीत दुसरे पीक, भाजीपाला, फळझाडे आली की वर्षातील रिकामे महिने कमी होतात. हे खावटीवरचे खरे औषध होय. आजच्या भाषेत सांगायचे तर आपण ज्याला मासिक अंदाजपत्रक म्हणतो, त्याची पहिली अट दरमहा काहीतरी आवक असणे ही आहे. वर्षातून एकदाच सुगी येणाऱ्या घराचे अंदाजपत्रक आषाढात कोलमडणारच, मग घरधनीण कितीही दक्ष असो.

१५/
कायद्याची पावलेही पडली, बहुधा उशिरा. १९४८ चा कूळकायदा आला आणि १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला. त्या दिवसापासून कसणाऱ्या कुळाला जमिनीचा मालक मानण्याची तरतूद झाली. १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने वेठबिगारीला कारण झालेले कर्जच रद्द ठरवले. झरीच्या सभेत वारल्यांनी जे ठरवले होते, ते संसदेच्या कायद्यात यायला एकतीस वर्षे लागली. आणि तरीही १९८० च्या दशकात वसईच्या परिसरात श्रमजीवी संघटनेला वेठबिगारांच्या मुक्ततेसाठी झगडावे लागले. कायदा झाला म्हणजे कर्ज संपले, असे होत नाही.

१६/
आता आपल्याकडे वळू. कार्डाच्या थकबाकीत अडकलेला तरुण आणि लग्नगडी यांची तुलना सरसकट करू नये. एकाला पगार आहे, विवरणपत्र वाचता येते, दाद मागता येते. दुसऱ्याला यांपैकी काहीच नव्हते. म्हणूनच ज्याच्याजवळ या तीन गोष्टी आहेत, त्याने त्यांचा उपयोग करावा. देणी लिहून काढावी, प्रत्येक कार्डाचा व्याजदर शोधावा, सर्वांवर किमान रक्कम वेळेवर भरून उरलेला पैसा सर्वांत महाग देण्यावर घालावा. केवळ किमान रक्कम भरत राहणे म्हणजे राबणे व्याजात जमा करून मुद्दल तसेच ठेवणे. लग्नगड्याला ते सक्तीने करावे लागे, आपण ते सोय म्हणून स्वीकारतो.

१७/
दुसरी गोष्ट माणसांना तोलण्याविषयी. कोणी कर्जात बुडाला की ‘शिस्त नाही’ हा निकाल आपण तत्काळ देतो. डहाणू-तलासरीचा इतिहास त्याआधी काही प्रश्न विचारायला शिकवतो. हिशेब कोणाच्या हाती आहे? व्याज कोठे थांबते? श्रमाचे मोल कोण ठरवते? वर्षातील किती महिने आवक असते? या प्रश्नांची उत्तरे नीट असतील तर शिस्तीने कर्ज फिटते. ती नसतील, तर आधी ती उत्तरे बदलावी लागतात, आणि ते काम एकट्याच्या काटकसरीने होत नाही. झरीला जमलेल्यांनी हे जाणले होते.

१८/
वाचकमित्रांना एक विनंती. आपल्या आजी-आजोबांना खावटी, दिढी, सालगडी, गहाणखत हे शब्द विचारून पाहा. कोकणात, खानदेशात, मराठवाड्यात त्यांना निरनिराळी नावे सापडतील. घरात जुनी खातेवही किंवा कर्जरोखा असेल तर तो रद्दीत न देता जपून ठेवा आणि त्यावरचा अंगठा कोणाचा, हे विचारून ठेवा. सावकाराची बाजू त्याच्या वहीत लिहिलेली असते. अंगठा देणाऱ्याची बाजू विचारल्याशिवाय इतिहासात येत नाही.

(समाप्त)