धुक्याच्या थेंबाचा इतिहास: एडिंबरा ते पुणे, व्हाया कोपर

हिवाळ्यातल्या पहाटे उल्हास खाडीवरचे धुके कोपर स्थानकाच्या रुळांवर पसरते आणि लोकलचा वेग मंदावतो. मोटरमनला पुढचा सिग्नल किती अंतरावरून दिसेल, एवढाच प्रश्न त्या घटकेला उरतो. याचे उत्तर हवेतील पाण्याच्या प्रमाणात असावे, असे सहज वाटते. ते तेवढ्यावर ठरत नाही, हे उमगायला शतकाहून अधिक काळ गेला.

१८८० साली स्कॉटिश संशोधक जॉन एटकिन यांनी दोन काचपात्रांत वाफ सोडली. एकात साधी हवा होती, दुसऱ्यात कापसातून गाळलेली. पहिल्यात दाट धुके झाले. दुसरे स्वच्छच राहिले. बाष्पाला थेंब होण्यासाठी धूलिकणाचा आधार लागतो, हे त्यातून दिसले. (पॅरिसमध्ये कुलिये यांना हेच पाच वर्षे आधी आढळले होते; गाजले मात्र एटकिन.) पुढे स्वीडनच्या हिल्डिंग कोलर यांनी क्षाराच्या कणाभोवती थेंब कसा वाढतो याचे समीकरण मांडले.

थेंबांच्या आकाराला एवढे महत्त्व का? समजा, तेवढेच पाणी आठपट थेंबांत विभागले गेले. प्रत्येक थेंबाची त्रिज्या निम्मी होते, पण प्रकाश अडवणारे एकूण क्षेत्र दुप्पट होते. म्हणजे दृश्यमानता निम्म्यावर येते. शिवाय असा बारीक थेंब चौपट हळू खाली पडतो, त्यामुळे धुके रेंगाळते. प्रदूषित शहरांच्या धुक्याचा चिवटपणा बऱ्याच अंशी इथे आहे. त्यातच थेंब एका आकाराचे राहत नाहीत: काही मायक्रोमीटरचे थेंब वाढत वाढत काही दशक मायक्रोमीटरपर्यंत जातात, जड झालेले जमिनीवर उतरतात आणि ऊन पडले की उरलेले आटतात.

संगणकीय मॉडेलचा एक चौकोन मात्र अनेकदा काही किलोमीटरांचा असतो; त्यातला प्रत्येक थेंब मोजणे अशक्य. १९६९ साली अमेरिकेच्या एडविन केसलर यांनी मांडलेल्या पद्धतीत ढगातील व पावसातील पाण्याचे फक्त वस्तुमान धरले जाई. त्या पठडीतल्या मॉडेलांत थेंबांची संख्या ठरावीकच मानली जाई, आणि धुक्याच्या बाबतीत नेमकी तीच चूक महागात पडते. पुढच्या पद्धतींनी वस्तुमानाबरोबर संख्याही मोजायला घेतली. आकारांची विभागणी एका गणिती वक्राने दाखवली. आकारानुसार स्वतंत्र कप्पे करणारी पद्धत अधिक प्रामाणिक खरी, पण संगणकाला फार जड.

वक्र खरा की खोटा, हे ठरवायला प्रत्यक्ष मोजमाप हवे. १९६२ साली स्थापन झालेल्या पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने २०१५च्या हिवाळ्यात दिल्लीच्या इंदिरा गांधी विमानतळावर ‘वायफेक्स’ प्रयोग सुरू केला. तेथे थेंबांचे आकार, हवेतील कण, उष्णतेची देवघेव आणि धुक्याच्या पाण्यातील रसायनेही मोजली गेली.

दिल्लीचे आकडे कोपरला जसेच्या तसे लागू पडणार नाहीत. इथे खाडीचा ओलावा आहे, समुद्राकडून येणारे क्षारकण आहेत, शहराचा धूर आहे. आणि मोठ्या चौकोनाच्या मॉडेलला तर खाडी, कांदळवन, रूळ आणि डोंबिवलीच्या इमारती हे सारे मिळून एकच सरासरी ठिकाण वाटते.