पेव : शब्द आणि वास्तू

इंग्लंडमधील ग्रेट कॉक्सवेलचे दगडी धान्यकोठार सातशे वर्षे उभे आहे. आपली शेतीवास्तू माती-कुडाची, कित्येकदा जमिनीखालची. म्हणून इतिहासाच्या नजरेतून ती निसटते.

पुणे जिल्ह्यातील इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या जोर्वे वस्तीत पाच खोल्यांच्या एका घरालगत कोठार आढळले. त्यात पेव होते, कणग्या ठेवण्याचे गोल ओटेही होते. ते घर अभ्यासकांनी गावप्रमुखाचे मानले. धान्य राखणे हे सत्तेचेच अंग होते, असे आम्हांस यातून दिसते.

पेवाचे तोंड अरुंद, पोट विस्तीर्ण. आतला प्राणवायू सरला की कीड मरे. पेव उघडताच घाईने उतरणारा माणूसही दगावे. सांगलीजवळच्या हरिपुरातील हळदीच्या पेवांची २००५ च्या महापुराने मोठी हानी केली.

‘पेव फुटणे’ आपण सर्रास लिहितो; पेव पाहिलेला विद्यार्थी मात्र वर्गात क्वचितच असतो. वस्तू विसरली की वाक्प्रचार पोकळ होतो. भाषेच्या अध्यापनात म्हणूनच खळे, बळद, कणगी यांचा इतिहासही यायला हवा, असे आम्हांस वाटते.